न लिहिलेल्या कारणाचं अंतर

मराठवाड्यातल्या एका तालुक्यात एका म्हशीला आठवडाभरात अकरा अनोळखी पुरुषांनी चारा घातला. प्रत्येकाने चारा घालतानाचा फोटो काढून घेतला. शेवटी मालकाने गोठ्याला कुलूप लावलं.

*

मांजर पोत्यात बसत नाही. गाय दोरीने येते, कोंबडी टोपलीखाली गप्प राहते, कुत्रा तर बोलावण्याआधीच वाटेला लागतो. मांजराला पोतं दाखवलं की ते कौलांवर.

*

"तुझ्या आयुष्यात असं काही घडलंय का, जे दुसऱ्या कुणाच्याच आयुष्यात घडलेलं नाही?" वकिलाने अशिलाला विचारलं. अशिलाने बराच वेळ डोकं खाजवलं. मग म्हणाला, "नाही बुवा." दोघंही उदास झाले.

*

बरणीतला लाल मसाला, वरून सपाट केलेला. त्यावर बोटाने मारलेली एक आडवी रेघ.

*

"गॅस संपत आलाय हे काल का नाही बोललास?"

"क्लास चालू होता माझा. डोक्यातूनच गेलं."

"हे येऊन गेलंय. अंतर शून्य दशांश शून्य दोन."

*

भर दुपारी, रिकाम्या गावात, खोकला.

कारण: आई आजारी असते. अंतर: ०.००

न्यायदंडाधिकारी जयमाला केंद्रे यांच्या टेबलावर, पाण्याच्या तांब्याशेजारी, एक करडी पेटी असे. सरकारी नाव शिक्षासूचक. बेंच क्लार्क पालव तिला कौलपेटी म्हणत आणि रोज सकाळी तिच्यावरची धूळ पुसून झाली की कुणी बघत नाहीसं पाहून हात जोडत.

पेटीने गेल्या सत्तर वर्षांतले देशभरातले निकाल वाचलेले होते. आरोपीचा गुन्हा, वय, आधीची प्रकरणं, घरची परिस्थिती असं सगळं आत घातलं की ती दोन आकडे दाखवी. कमीत कमी इतकी शिक्षा, जास्तीत जास्त तितकी. म्हणजे एकाच चोरीला एका तालुक्यात तीन महिने आणि नदीपलीकडच्या तालुक्यात तीन वर्षं, असला प्रकार बंद झाला. इथवर कुणाची तक्रार नव्हती.

न्यायाधीशाला त्या दोन आकड्यांच्या बाहेर जाता येई. पण कारण द्यावं लागे, आणि ते नवं असावं लागे. हा नियम दिसतो तितका खुळा नव्हता. आई आजारी, पहिलाच गुन्हा, घरात कमावता एकटाच, ही सगळी कारणं जुन्या निकालांत हजारो वेळा येऊन गेलेली. त्यांचं वजन पेटीने आकडे काढतानाच धरलेलं. त्याच कारणावर पुन्हा सूट देणं म्हणजे एकाच कुपनावर दोनदा साखर उचलणं.

नवेपणा मोजायचा कसा, तर पेटी प्रत्येक कारणाचा एक बिंदू करी. एक अफाट मैदान समजा, ज्यात दिशा चार नाहीत, काही हजार आहेत. ज्यांचा अर्थ जवळचा, ते बिंदू जवळ. 'आई आजारी' आणि 'वडील अंथरुणाला खिळलेले' यांची भिंत सामाईक. 'आरोपी तबला उत्तम वाजवतो' हा दूर कुठेतरी एकटा. तुमचं कारण मैदानावर ठेवायचं आणि सगळ्यात जवळच्या जुन्या बिंदूपर्यंतचं अंतर बघायचं. शून्य दशांश सहापेक्षा जास्त भरलं तर हिरवा दिवा. कमी भरलं तर लाल.

जयमालाबाईंचे यजमान बालाजी, जे घरी बसून मुलांना गणित शिकवत, ते हे अधिक सोपं करून सांगत. "एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. पहिल्याने रुमाल टाकला की ती सीट गेली."

खरी गंमत त्यानंतर होती. हिरवा दिवा मिळालेलं कारण त्या रात्रीच पेटीत शिरे आणि उद्यापासून ते सगळ्यांच्या आकड्यांत धरलं जाई. एका न्यायाधीशाने असं लिहिलं की, पुरात आरोपीने शेजाऱ्याच्या उपाशी म्हशीला पोहत जाऊन चारा दिला, सबब शिक्षा निम्मी. अंतर ०.७४. सुरेख कारण. दुसऱ्या दिवशीपासून राज्यातल्या यच्चयावत आरोपींना म्हशींचा कळवळा आला.

म्हणजे प्रत्येक चांगलं कारण एकदाच चाले. मैदान भरत चाललं होतं. न्यायाधीश एकमेकांना सणाच्या शुभेच्छा देताना 'काही नवं कारण?' असं विचारू लागले होते.

कारण: डोक्यातून गेलं. अंतर: ०.०२

जयमालाबाईंना आतापर्यंत दोन लाल शेरे मिळाले होते.

पहिला, 'आरोपी न्यायालयात खरं बोलला' या कारणाला. त्यांना वाटलं होतं, हे तर नक्कीच कुणी लिहिलं नसेल. अंतर ०.३१ भरलं. दुसरा, 'आरोपीला पाहून मला माझ्या मामांची आठवण झाली' याला. नवेपणा भरपूर होता, ०.८२, पण वरच्या कोर्टाने विचारलं की मामांचा प्रकरणाशी संबंध काय. मामा अहमदपूरला सुखरूप होते. संबंध नव्हता.

तिसऱ्या शेऱ्याला शिक्षा सुनावण्याचे अधिकार जात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी वाहतुकीची चलनं तपासायला बसवत. तिथे आकडा एकच असतो आणि तो आधीच छापलेला असतो.

या सगळ्याचा परिणाम घरात दिसायचा तसा दिसला. जयमालाबाई कारणं ऐकेनाशा झाल्या. ऐकत, पण मोजत. बालाजी उशिरा आला आणि "एस.टी. चुकली" म्हणाला, की त्यांच्या मनात आपोआप एक बिंदू पडे, लाखो बिंदूंच्या गर्दीत. (चालकाविना धावणारी एस.टी. तेव्हाही वेळेवर येत नसे.) लेकीने परीक्षेत मार्क का कमी पडले ते सांगितलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "यात नवीन काय आहे?" लेकीने त्यानंतर कारण देणं सोडलं. नुसतं प्रगतिपुस्तक ठेवून जाई.

"तुला आता आमचं काही खरंच वाटत नाही का गं?" बालाजीने एकदा विचारलं.

"खरं वाटतं की. नवं वाटत नाही."

"नवं कशाला पाहिजे? मी काय आरोपी हाव का?"

बाईंनी पुढची फाइल उघडली. पण हा प्रश्न मात्र बऱ्यापैकी नवा आहे, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

कारण: खोकलो मोठो. अंतर: ०.४४

कोर्टासमोर लवू हडकर याची खानावळ होती. लवूचे मासे ताजे, भात मोकळा, आणि कढी बरी. पण कढीत काहीतरी कमी पडे, आणि काय ते लवूला वीस वर्षं सापडलं नव्हतं. वकील, पक्षकार, पट्टेवाले रोज जेवत आणि रोज सांगत, "लवू, साळगव्याच्या मसाल्याची चव येत नाय हां."

साळगवे हे तिथून जवळचंच गाव. तिथल्या बायका मसाल्याचं प्रमाण सुनेलाही सांगत नसत. लवूची आत्या तिथे दिलेली होती. तिनेही सांगितलं नाही. "तू माझो भाचो आसंस, पण मसालो माझ्या सासूचो."

आता साळगव्यात गावपळण होती. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर रानात राहायला जाई. गुरं, कुत्री, कोंबड्या, म्हातारे, टीव्ही, सगळं बरोबर. गावात माणूस म्हणून उरता कामा नये. तेवढे दिवस गाव देवाचं. कुणी घरचा माणूस मध्येच गावात शिरला तर पळण मोडली, आणि मोडली की सगळ्यांनी सगळं पुन्हा उचलून पुन्हा पहिल्यापासून पाळायची.

लवू साळगव्याचा नव्हता. पळणीच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो मागच्या पाणंदीने गावात शिरला, नऊ घरांच्या कड्या काढल्या आणि नऊ बरण्यांतून एकेक चमचा मसाला कागदाच्या पुडीत बांधून घेतला. चव घेताना घोळ होऊ नये म्हणून प्रत्येक पुडीवर घराचं नाव लिहिलं. या नावांमुळेच पोलिसांचं काम फार सोपं झालं.

लवूने गुन्हा कबूल केला. साळगव्याने देवाला विचारलं, आता पळण मोडली का? देवाने कौल दिला: चोराने पळण मोडत नाही, घरच्याने मोडते. गावाला हायसं वाटलं. फक्त त्यासाठी लवू चोर असणं आवश्यक होतं.

पेटीने मसाल्याकडे पाहिलंच नाही. तिने पाहिलं की नऊ घरं, एकामागोमाग एक, मालक बाहेर असल्याची संधी साधून फोडली. दोन वर्षं दोन महिने ते दोन वर्षं अकरा महिने.

लवूचं वय अठ्ठावन्न. खानावळीत तो आणि एक गॅस.

शिक्षेच्या सुनावणीला ज्यांची घरं फोडली त्यांनी आपलं काय नुकसान झालं ते सांगायचं असतं. पहिल्या शालनकाकी परब उभ्या राहिल्या. लुगडं नवं, आवाज कोर्टाच्या शेवटच्या बाकापर्यंत.

"बरणीत मसालो सपाट करतंय आणि वर बोटान रेघ मारून ठेवतंय. सुनेक हात लावूक देणंय नाय. ती रेघ ह्या मेल्यान मोडल्यान."

"हा आरोपीच होता, हे तुम्हाला कसं कळलं?" बाईंनी सहज विचारलं.

"त्याका खोकलो होतो ना. मिरचीचो ठसको. बरणी उघडी की खोकी, बरणी उघडी की खोकी."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही त्या वेळी कुठे होतात?"

"रानात."

"रान गावापासून किती लांब आहे?"

शालनकाकींनी पदर सारखा केला. "लांबच आसा. पण खोकलो मोठो."

पेशी पुढे सरकली. भाऊ गावकर म्हणाले की चोराने त्यांच्या दाराची कडी उलटी लावली, ती त्यांना सुलटी करावी लागली. बाईंनी पंचनामा उघडला. गाव परतला त्या सकाळी पोलीस पुढे होते आणि कडी सुलटीच होती. मग सुलटी कधी केलीत? "मागाहून," भाऊ म्हणाले, आणि पुढे काही विचारायच्या आत बसले. तिसऱ्या बाईने चोराच्या शर्टाचा रंग सांगितला. चौथ्याने त्याच्या पाठीवर घाम कुठे होता तेही.

प्रत्येकजण लवूला कडक शिक्षा मागत होता, आणि प्रत्येकजण लवूकडे बघायचं टाळत होता. लवू खाली मान घालून अंगठ्याचं नख बघत होता.

बाईंच्या डोक्यात हळूहळू उजाडलं. त्यांनी पेटीचा तपासणीचा कप्पा उघडला. निकालात घालण्याआधी कारण मोजून बघायला तो असे. पालवांना त्या हळू आवाजात सांगू लागल्या, "लिहा. फिर्यादींची घरं रिकामी होती म्हणून गुन्हा गंभीर धरला आहे. परंतु सर्व फिर्यादी त्या वेळी स्वतः..."

पालवांचे हात थांबले.

"काय झालं?"

"यंत्र बंद पडलं, साहेब."

यंत्र चालू होतं. पडद्यावर रेघ उघडझाप करत होती. बाईंना आठवलं, पालव साळगव्याचे.

त्यांनी यंत्र स्वतःकडे ओढलं आणि दोन बोटांनी वाक्य पूर्ण केलं.

०.९७. हिरवा दिवा इतका लख्ख लागला की तांब्यावर त्याचा डाग पडला. राज्यात इतकं नवं कारण कुणाला मिळालं नव्हतं. गाव रिकामं होतं म्हणून शिक्षा वाढते, आणि गाव रिकामं नव्हतंच. लवू महिन्याभरात सुटत होता. तिसरा लाल शेरा टळत होता. आता फक्त ते निकालात लिहायचं होतं, आणि निकाल तर जाहीर असतो. पंचायतीच्या फलकावरसुद्धा लागतो.

तेवढ्यात लवूने हात जोडले. "मॅडम, वायंच आत बोलूचा आसा."

कारण: . अंतर: ०.९७

चेंबरमध्ये दोन्ही वकील, बाई, लवू आणि यंत्र बंद पडल्याचं विसरलेले पालव. जबाब मोहोरबंद पाकिटात राहणार होता.

"माका आत टाका," लवू म्हणाला. "पण ता लिवू नकात."

"ते म्हणजे काय?"

"जा तुमका कळला ता."

सरकारने दिलेला लवूचा तरुण वकील कळवळून म्हणाला, "अहो काका, तेवढं लिहिलं की तुम्ही सुटताय."

"सुटतंय रे. पण हेंच्यातल्या परतेकाक वाटता, पळण आपणच एकट्यान मोडली. शालनीक वाटता तिणा मोडली. भाऊक वाटता तेणा. रांगेत उभी रवल्यासारखी येय होती माणसां. एक पाठल्या दारान भायर पडलो की दुसरो आत. एकमेकांक चुकयत. मी माळ्यावर बसान बघी होतंय."

"आणि कोणी कोणाला दिसलं नाही?"

"खोकल्यापायी मी दिसलंय सगळ्यांका. म्हणान तर रागावलेत. त्यांका भिती, मी सांगान." लवू थोडा खोकला. "मी कित्याक सांगू? मी मसाल्याक गेल्लंय, ती बापडी..."

तो थांबला.

"ती कशासाठी आली होती?" बाईंनी विचारलं.

"ता इचारू नकात. ती गजाल त्यांची."

बाईंनी पालवांकडे पाहिलं. पालव छताकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"लिहिलं तर काय होईल?"

"सगळा गाव परत रानात. आणि ह्या खेपेक एकमेकांच्या तोंडाकडे बघत. आधी सगळी वांगडा, एकत्र जाय होती, मॅडम, भजनां म्हणत. आता कोण कोणाक इचारतलो, तू पण?" लवूने जोडलेले हात सोडले नव्हते. "मी चोर ऱ्हवलंय तर पळण शाबूत. आनी तशी मी चोरी केलंय ना. खोटा काय आसा त्यात?"

बाईंनी निकाल जेवणानंतर ठेवला.

कारण: आहे, पण सांगणार नाही. अंतर: मोजलं नाही

लवूची खानावळ बंद असल्यामुळे त्या दिवशी सगळं कोर्ट बिस्किटांवर होतं. बाईंचा डबा बालाजी घेऊन येणार होता. तो आला तेव्हा जेवणाची सुट्टी संपत आली होती. हातात वडापावची पुडी. शर्टाची एक बाही कोपरापर्यंत ओली.

"डबा कुठंय?"

"गॅस नाही ना घरी."

"सिलिंडर आणायला गेला होतास की सकाळी. मग एवढा वेळ होतास कुठे? फोनही नाही उचललास."

बालाजीने पुडी सोडली, मिरची बाजूला काढली, वडा तिच्यापुढे सरकवला.

"आहे एक कारण," तो म्हणाला. "पण सांगणार नाही."

"का?"

"सांगितलं की तू मोजणार."

बाईंचा घास हातात राहिला. त्यांनी सवयीने मनातल्या मैदानाकडे पाहिलं. ठेवायला काहीच नव्हतं. समोर नवरा होता, त्याची ओली बाही होती, आणि त्याच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते बनवाबनवी अजिबात नव्हती. गेल्या दोन वर्षांत त्याने दिलेल्या सगळ्या कारणांपैकी हे, न दिलेलं, त्यांना ताबडतोब पटलं.

"चांगलं आहे का पण?" त्यांनी विचारलं.

"कारण? एकदम झकास हाय."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि वडा खाल्ला. मग बालाजीचाही खाल्ला. पुडीचा कागद घडी करता करता त्यांचा हात थांबला.

"काय करायलीस?" बालाजी म्हणाला.

"थांब जरा," बाई म्हणाल्या. "तू आत्ता काय म्हणालास ते पुन्हा म्हण."

कारण: (निकालपत्र पाहा)

"लिहा, पालव."

पालवांनी यंत्राकडे हात नेला आणि मध्येच थांबवला.

"यंत्र सुरू आहे ना?"

"बघतो, साहेब."

"बघा. आणि घाबरू नका."

कोर्ट भरलं होतं. साळगवेकर एका बाजूला, पण मध्ये मध्ये जागा सोडून बसलेले.

"या न्यायालयाकडे शिक्षा कमी करण्यास एक सबळ कारण आहे. ते मोहोरबंद जबाबात आहे. पूर्णविराम. ते कारण निकालात नमूद केल्यास आरोपीची मोठ्या शिक्षेतून सुटका होते, हे आरोपीस समजावून सांगितले आहे. पूर्णविराम. हे समजूनही, इतरांस त्रास होईल म्हणून..."

शालनकाकींनी श्वास रोखला. भाऊ गावकरांनी चष्मा काढून हातात घेतला.

"...ते लिहू नये, अशी आरोपीने हात जोडून विनंती केली आहे. स्वल्पविराम. आपल्याविरुद्ध बोलणाऱ्यांसाठी. पूर्णविराम. सबब न्यायालय ते कारण लिहीत नाही. आरोपीची ही विनंती हेच न्यायालय कारण मानते."

पालवांनी आयुष्यात पहिल्यांदा एकही चूक न करता टाइप केलं.

पेटी विचारात पडली. एरवी तिला डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा वेळ पुरे. आज पंखा गरगरत राहिला, बाहेर एक रिक्षा उभी राहून निघून गेली, सरकारी वकिलांनी बिस्किटाचा शेवटचा तुकडा गुपचूप तोंडात टाकला, तरी दिवा लागेना. बाईंना जिल्ह्याच्या ठिकाणची ती चलनांची खोली दिसू लागली. पालवांनी टेबलाखाली हात जोडले.

०.६१.

हिरवा, पण जेमतेम. पेटीने शेजारचा जुना बिंदूही दाखवला: 'आरोपीने साथीदारांची नावं सांगण्यास नकार दिला.' साथीदार. बाईंनी समोरच्या बाकांकडे पाहिलं, लवूकडे पाहिलं, आणि त्यांना वाटलं की मशीन तसं अगदीच ठोंब्या नाही.

शिक्षा अशी झाली. कोर्ट उठेपर्यंत कैद, आणि पुढच्या गावपळणीत तिन्ही दिवस अख्ख्या साळगव्याला रानात स्वयंपाक करून घालण्याची समाजसेवा. "म्हणजे तो गावात शिरणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि जेवण तिथेच मिळालं, की इतर कुणालाही गावात फेरी मारायचं कारण उरणार नाही."

साळगवेकरांपैकी प्रत्येकाला हे वाक्य फक्त आपल्याला उद्देशून आहे असं वाटलं. प्रत्येकाने मान खाली घातली. त्यामुळे कुणी कुणाची खाली गेलेली मान पाहिली नाही.

लवू पिंजऱ्यात कोर्ट उठेपर्यंत बसला. त्यात त्याला डुलकी लागली. कोर्ट उठल्यावर त्याला हलवून जागं करून सोडावं लागलं.

कारण: लिहू नका. अंतर: ०.००

पुढच्या सोमवारी नागपूरकडच्या एका कोर्टात एक सोनसाखळी चोर हात जोडून म्हणाला, "कारण आहे, साहेब, पण कृपा करून लिहू नका." त्याच दिवशी आणखी तिघे. आठवडा संपेतो राज्यातले आरोपी इतके अबोल आणि परोपकारी झाले, की म्हशीवाल्याने गोठ्याचं कुलूप काढलं. एका ठिकाणी न्यायाधीशांनी चेंबरमध्ये नेऊन विचारलं, बाबा, मला तरी सांग, कारण काय? तो म्हणाला, "लिहू नका एवढंच वकिलांनी सांगितलंय. काय ते लिहायचं नाही, ते उद्या सांगणार होते."

लवूच्या खानावळीत आधी शालनकाकी आल्या. उन्हाची वेळ पाहून, गिऱ्हाईक नाहीसं बघून. पदराखालून एक बरणी काढून ठेवली. "कोणाक सांगू नको. आणि कढीत शेवटाक घाल, आधी नको." मग भाऊ गावकरांची बायको आली, मागच्या दाराने. मग तिसरी. लवूच्या फळीवर नऊ बरण्या झाल्या, प्रत्येकीत मसाल्यावर बोटाने मारलेली रेघ, आणि प्रत्येकीने बजावलेलं की हा फक्त तुला. त्याने सगळ्यांचे मसाले वेगवेगळे घालून बघितले, मग सगळे एकत्र करून बघितले. कढी पूर्वीइतकीच बरी झाली. गिऱ्हाइकं म्हणू लागली, "लवू, साळगव्याची चव इली हां आता." लवूला फरक कळला नाही, पण त्याने तो कुणाला विचारला नाही.

बालाजीने ओल्या बाहीचं कारण कधीच सांगितलं नाही. एकदा लेकीने प्रगतिपुस्तक ठेवलं आणि निघाली, तेव्हा बाई म्हणाल्या, "बस की. सांग, काय झालं ते."

"तेच ते आहे, आई. जुनंच. वेळ पुरला नाही."

"जुनं असू दे," बाई म्हणाल्या. "सांग."

साळगव्याची पळण मोडलेली नाही, असं देवस्थानच्या फलकावर अजून लिहिलेलं आहे.

लवू शिरला त्या गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी, दुपार कलली तेव्हा, साळगव्यात मागे राहिलेल्या सगळ्या मांजरांची पोटं भरलेली होती.